मीठ, साखर आणि पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. बाहेर पावसाचे आभाळ नुसतेच दाटून आले होते आणि आमच्या रामबागेतल्या घरात सुतक लागल्यासारखी शांतता पसरली होती. आमच्या नातीचा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला होता. ‘नीट’ नावाची ही परीक्षा तिने लागोपाठ दुसऱ्यांदा दिली होती आणि दुसऱ्यांदाही सरकारी महाविद्यालयात जागा मिळण्याइतके गुण पडले नव्हते. सूनबाई स्वयंपाकघरात उगीचच भांडी इकडची तिकडे करीत होत्या. चिरंजीव वर्तमानपत्र उलटे धरून बसले आहेत की सुलटे, याचाही आम्हांला उलगडा होत नव्हता. ‘आणखी एक वर्ष’ हे शब्द सर्वांच्या ओठांवर होते; ते आधी कोणी उच्चारायचे एवढाच काय तो प्रश्न होता.

तेवढ्यात नातच बाहेर आली आणि म्हणाली, “आजी, आजोबा, मी तिसऱ्यांदा नाही बसणार. मी बी.एस्सी. नर्सिंगला जाते.”

कोणीच काही बोलले नाही. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले आणि हसू की रडू अशा स्वरात म्हणाली, “आजोबा, तुमचा चेहरा आधी आरशात बघा. आजी, तुझा पण! जन्मभर बायॉलॉजीच शिकवलीत ना दोघांनी? मग मी बायॉलॉजीच शिकायला चाललेय, तर असं का बघताय?”

वाचकहो, हा प्रश्न आमच्या जिव्हारी लागला. आमच्या हयातीत विद्यार्थ्यांनी आम्हांला हजारो प्रश्न विचारले असतील. परंतु ज्यांचे उत्तर देता आले नाही म्हणून रात्री झोप लागली नाही, असे प्रश्न दोनच. एक हा आणि दुसरा चाळीस वर्षांपूर्वीचा. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्ही उभयतां मूळचे इंदूरचेच. होळकरांच्या राज्यात कारकुनीसाठी आलेल्या घराण्यांतली आमची ही चौथी-पाचवी पिढी. आम्हां दोघांपैकी एकाने जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकविले, दुसरीने प्राणिशास्त्र. त्यामुळे मंडईतून भाजी आणण्याचे काम वनस्पतिशास्त्राकडे आणि भिंतीवरची पाल हाकलण्याचे काम प्राणिशास्त्राकडे, अशी आमच्या घरात कामांची वाटणी झाल्याची थट्टा नातलग करीत. आमच्या या शहरात वैद्यकाची शाळा १८७८ साली निघाली. पुढे तीच ‘किंग एडवर्ड मेडिकल स्कूल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १८९१ साली होळकर महाविद्यालय सुरू झाले आणि १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे विज्ञानाचे शिक्षण आणि वैद्यकाचे शिक्षण हे दोन प्रवाह इंदुरात शंभराहून अधिक वर्षे शेजारीशेजारी वाहत आले आहेत. आम्ही शिकविले ते यांपैकी कोठेही नव्हे, एका तिसऱ्याच महाविद्यालयात. परंतु त्या दोन प्रवाहांमधला बांध आम्ही फार जवळून पाहिला आणि खरे सांगायचे तर त्या बांधावर दोन पाट्या मातीही टाकली.

त्या काळी बी.एस्सी.च्या ‘बायो ग्रुप’मध्ये रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे तीन विषय असत. वनस्पतिशास्त्रात शेवाळापासून आरंभ करून पाइनपर्यंत पोचायचे. प्राणिशास्त्रात अमीबापासून सशापर्यंत. प्रात्यक्षिकाला वस्तऱ्याने खोडाचे पातळ काप घ्यायचे, ते सॅफ्रॅनिनने लाल रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि टोकदार पेन्सिलीने त्यांची आकृती काढून उजव्या बाजूला नावे द्यायची. प्राणिशास्त्राच्या दालनात गांडूळ, झुरळ आणि बेडूक यांचे विच्छेदन चाले. फॉर्मॅलिनचा वास अंगाला असा चिकटून राही की, कित्येक मुलींना घरी गेल्यावर न्हाणीघराची पायरी आधी चढावी लागे आणि मगच स्वयंपाकघरात प्रवेश मिळे. एका विद्यार्थिनीच्या आजीबाईंनी तर आम्हांला रस्त्यात अडवून, “अहो बाई, तुम्ही आमच्या मुलीला बेडूक फाडायला लावता, हिला आता कोण करून घेणार?” असा जाब विचारल्याचे स्मरते.

अभ्यासक्रम वाईट नव्हता. सजीवांच्या या अफाट पसाऱ्यात एक रचना आहे, हे त्यातून कळत असे. वाईट होती ती वर्गातली हवा. वर्गात बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या मांडीवर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे मार्गदर्शक पुस्तक उघडे असे. त्या परीक्षेचा निकाल लागला की वर्गाची पहिली दोन बाके एका दिवसात रिकामी होत. जे जात ते पेढे घेऊन नमस्काराला येत. जे राहत, त्यांना सारेच जण ‘उरलेले’ म्हणत. घरचे म्हणत, शेजारचे म्हणत. आणि आज कबूल करण्यास हरकत नाही, शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आम्हीही तोच शब्द वापरीत असू. आपला विषय हा डॉक्टरांच्या दाराबाहेरचे प्रतीक्षालय आहे, असे आम्ही तोंडाने कधी म्हटले नाही. पण आमच्या मनाने ते केव्हाच मान्य करून टाकले होते. प्रतीक्षालयात बसलेल्या माणसाशी कोणी जिवाभावाचे बोलत नाही. त्याला वेळ घालविण्यापुरते काहीतरी वाचावयास दिले जाते.

आता तो चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न.

परासरणाचे प्रात्यक्षिक दरवर्षी पावसाळ्यात येई. प्रयोग अगदी साधा. एक मोठा बटाटा सोलून त्याचा तळ सपाट करायचा, मध्यभागी खड्डा कोरायचा आणि त्यात साखरेचे दाट पाणी अर्ध्यापर्यंत भरायचे. त्या पातळीवर टाचणी टोचून खूण करायची आणि बटाटा साध्या पाण्याच्या बशीत ठेवायचा. तासाभराने पाहावे तो खड्ड्यातले पाणी टाचणीच्या वर चढलेले असते. पेशींच्या पातळ पडद्यातून पाणी विरळ द्रावाकडून दाट द्रावाकडे जाते, हा तो नियम. गृहिणींना तो पुस्तकावाचून ठाऊक असतो. काकडी चोचवून तिला मीठ लावून ठेवले की घटकाभरात पाणी सुटते. मनुका पाण्यात टाकल्या की टरटरून फुगतात. निसर्गाचा एकच कायदा, एकदा बाहेर जाणारा आणि एकदा आत येणारा.

या प्रात्यक्षिकाची सगळी मांडामांड आमच्या प्रयोगशाळेतला परिचर करीत असे. बटाटे निवडणे, ते कोरणे, साखरेचा द्राव करणे हे सारे तो आमच्यापेक्षा सफाईने करी. शिक्षण बेताचेच, पण हात सोन्याचा. १९८३ सालच्या पावसाळ्यात त्याच्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब सुरू झाले. त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे मुलाचे पाणी आणि दूध दोन्ही तोडले. वरून पाणी गेले की खालून आणखी जुलाब होतील, हा हिशेब. ही समजूत एकट्या त्यांच्याच घरातली नव्हती; आमच्या रामबागेतल्या शहाण्यासुरत्या घरांतही तीच होती. दुसऱ्या रात्री मुलाला दवाखान्यात नेले तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. पहाटे ते मूल गेले.

तेराव्यानंतर तो कामावर आला. नेमके त्या दिवशी परासरणाचेच प्रात्यक्षिक होते. त्याने नेहमीप्रमाणे बटाटे कोरून बशांत मांडले. मुले निघून गेल्यावर टेबले पुसता पुसता तो थांबला आणि म्हणाला, “साब, दवाखाने में डॉक्टर साब चिल्लाए कि नमक-शक्कर का पानी क्यों नहीं पिलाया. आलू में पानी चढ़ते तो मैं पंद्रह साल से देख रहा हूँ. बच्चे में भी चढ़ जाता क्या?”

त्या वेळी आम्ही दोघेही तेथे होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आतड्यात साखर आणि मीठ मिळून काय करतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते. कारण आमच्या पुस्तकात ते नव्हते आणि पुस्तकाबाहेर डोकावण्याची गरज आम्हांला कधी वाटली नव्हती. आम्ही त्याला म्हणालो, “वो अलग बात है. वो अपने कोर्स में नहीं आता.”

त्याने मान हलविली आणि बशा धुवायला घेतल्या.

बस, एवढेच घडले. त्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण त्या रात्री आमच्या घरात दिवा उशिरापर्यंत जळत होता. पुढच्याच आठवड्यात आम्ही वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका परिचित प्राध्यापकांकडून काही नियतकालिके मागून आणली आणि जे वाचले त्याने आम्ही थक्क झालो. ज्याला आम्ही ‘वेगळी गोष्ट’ म्हणून बाजूला सारले होते, ती आमच्याच विषयाची उत्तरार्धातली गोष्ट होती.

ती थोडक्यात अशी. पटकीचा जंतू मारतो कसा, हे कोणालाच नीट उमगत नव्हते. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधून त्यावर प्रयोग केले आणि १९५९ साली दाखवून दिले की, जंतू गाळून काढल्यावर उरलेल्या द्रवातही तोच गुण आहे. म्हणजे जंतू एक विष तयार करतो आणि त्या विषापायी आतड्याच्या पेशी शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर ओतू लागतात. रोगी मरतो तो त्या पाण्यावाचून. इकडे १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने हॅमस्टर नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याच्या आतड्यावरून एक विलक्षण सिद्धान्त मांडला. आतड्याच्या पेशीच्या भिंतीत एक असे दार आहे की जे एकट्या साखरेला उघडत नाही. साखर आणि मिठातले सोडियम ही जोडी हातात हात घालून आली तरच ते उघडते. ती दोघे आत गेली की त्यांच्यामागून पाणी जाते. का जाते? तर परासरणाच्या नियमानेच! म्हणजे आमच्या बटाट्यातला नियम तोच, फक्त दाराची किल्ली वेगळी. आणि याहून मोठी गोष्ट अशी की, पटकीचे विष आतड्याची इतकी दुर्दशा करते, पण या दाराला धक्का लावत नाही. बाहेर पूर आला असतानाही ते दार उघडता येते.

या ज्ञानाचे सोने झाले १९७१ साली. बांगलादेशाच्या युद्धामुळे लाखो निर्वासित बंगालात आले आणि बनगावच्या छावण्यांत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञाने मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपे भरली आणि रोग्यांच्या आप्तांनाच पेले भरभरून पाजण्यास सांगितले. शंभरांत तीसच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चारच्याही खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाचा उल्लेख, हा कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाच्या शब्दांत केला. महालनबीसांचे निधन २०२२ साली झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आमच्या परिचराचे मूल गेले ते १९८३ साली. म्हणजे क्रेनच्या सिद्धान्ताला तेवीस वर्षे आणि बनगावला बारा वर्षे होऊन गेली होती. ज्ञान जगात होते. ते आमच्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आलेच नव्हते, कारण ते आणावयास आमच्यापैकी कोणी गेलेच नव्हते. ‘हे वैद्यकाचे, हे विज्ञानाचे’ अशी वाटणी आम्ही केली होती. आतड्याने ती केली नव्हती.

या हकीकतीचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. क्रेनच्या पुढ्यात रोगी नव्हता. त्याला पेशीचे कुतूहल होते. महालनबीसांच्या पुढ्यात हजारो रोगी होते. त्यांना कुतूहलापुरता वेळ नव्हता, पण दुसऱ्याने जमविलेल्या ज्ञानावर भरवसा ठेवण्याचे धैर्य होते. आणि ज्यांनी खरोखर तोंडाला पेला लावला त्या आया, मावश्या, परिचारिका होत्या. या तिघांपैकी एकजण जरी कमी पडता, तरी ते पाणी रोग्याच्या पोटापर्यंत पोचले नसते. मग यांतला ‘उरलेला’ कोण?

आमच्याच गावचे एक उदाहरण द्यायचे तर पॅट्रिक गेडिस यांचे देता येईल. नगररचनाकार म्हणून त्यांचे नाव इंदुरात जाणकारांना ठाऊक असते; १९१८ साली त्यांनी होळकर दरबाराला शहराच्या सुधारणेचा मोठा अहवाल सादर केला. परंतु हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्सलींचे शिष्य आणि स्कॉटलंडातल्या डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. प्लेगने गांजलेल्या या शहराच्या गल्ल्या त्यांनी पायी तुडविल्या आणि दिवाळीच्या सुमारास स्वच्छतेची एक भव्य मिरवणूक काढविली. तीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. प्लेग कशाने पसरतो हे लोकांना समजावे, म्हणून एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने रावणाच्या जागी उंदीर उभा केला! त्यांनीही ‘हे आमच्या अभ्यासक्रमात नाही’ असे म्हणावयास हवे होते. त्यांनी ते म्हटले नाही.

त्या १९८३ सालानंतर आम्ही परासरणाच्या प्रात्यक्षिकाला एक तास जोडून घेतला. बटाट्याशेजारी एक तांब्या पाणी, मीठ आणि साखर ठेवू लागलो आणि प्रत्येक मुलाला ते मिश्रण स्वतः करून, चाखून पाहावयास लावू लागलो. चव अश्रूंपेक्षा अधिक खारट लागता कामा नये, ही जुनी खूण. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, तेव्हा काही मुले जांभया देत. परिचर मात्र त्या दिवशी सगळे साहित्य स्वतः मांडी आणि भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा राही. आम्ही मात्र हे शेवटपर्यंत निभावले नाही. पुढे वर्ग वाढले, तास कमी झाले, अभ्यासक्रम पुरा करण्याचा धोशा लागला आणि एका वर्षी तो तास गळाला तो गळालाच. त्याच वर्षी परिचर निवृत्त झाला होता, म्हणून विचारणारेही कोणी उरले नव्हते.

मध्यंतरी काळ बदलला. बेडकांवरचे अत्याचार थांबले; विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदने टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सूचना दिली आणि २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ती बंदच केली. ते योग्यच झाले. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा होऊ लागला. वैद्यकाच्या पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला रोग्याजवळ नेण्याची पद्धत २०१९ सालच्या नव्या अभ्यासक्रमाने आणली. परंतु प्रतीक्षालय काही ओस पडले नाही, उलट त्यात उभे राहावयास जागा नाही. २०२५ साली बावीस लाखांहून अधिक मुलांनी ‘नीट’ दिली आणि देशभरात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे शंभरांतली नव्वदांहून अधिक मुले दाराबाहेर राहणार, हे गणित परीक्षेच्या आधीच मांडलेले आहे. या लाखो मुलांना आपण आजही ‘उरलेले’च म्हणणार काय? आणि गंमत अशी की, त्या परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे! मुले दोन दोन वर्षे अहोरात्र जीवशास्त्र वाचतात. पण त्यांना वाचताना पाहिले की, सजीवांविषयीचे कुतूहल तेवढे त्यातून गाळून घेतल्यासारखे वाटते.

अशा विचारांत आम्ही असताना नातीचे नर्सिंगचे पहिले सत्र सुरू झाले. शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय पहिल्याच सत्रात, दुसऱ्यात जीवरसायन आणि आहारशास्त्र, पुढे सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या वेळी तीन वर्षे लागत त्यातला पुष्कळसा भाग येथे वर्षभरात, आणि शिवाय रोग्याचे अंथरूण कसे बदलावे इथपासून सारे. आरंभी तिची त्रेधा उडाली ती भाषेपायी. पुस्तक इंग्रजी, शिकविणाऱ्या बाई समजावून सांगणार हिंदीत आणि घरी आमची मराठी. आपल्या परप्रांतातल्या मराठी घरांना ही तिरपीट नवी नाही. एके रात्री ती वैतागून म्हणाली, “आजी, बाई म्हणाल्या हृदय पेशीचं बनलेलं असतं. मी म्हटलं, सगळंच पेशींचं बनलेलं असतं. तर वर्ग हसला!”

मग उलगडा झाला. आपण मराठीत जिला पेशी म्हणतो, तिला हिंदीत कोशिका म्हणतात. आणि हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू. एवढ्यावरच भागत नाही, कारण हिंदी शास्त्रीय परिभाषेत स्नायु म्हणजे सांध्यापाशी हाडांना बांधून ठेवणारा बंध! २०२२ साली आमच्या मध्य प्रदेशात वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीतून निघाली, तेव्हा मराठी घरांतल्या मुलांना हा घोटाळा किती छळत असेल, अशी आम्हांला मौज वाटली होती; आता तो आमच्याच ताटाशी येऊन बसला. त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून वहीच्या एका पानावर तीन रकाने आखले. इंग्रजी, हिंदी, मराठी. ऊतक आणि ऊती, तंत्रिका आणि मज्जातंतू. पान भरत गेले आणि कित्येक वर्षांनी आमच्या घरात रात्री अकरापर्यंत जीवशास्त्राचा आवाज घुमला. आपला विषय म्हातारा झाला नव्हता, आम्हीच त्याच्याशी बोलणे टाकले होते.

परासरणाचा धडा आला तेव्हा आम्ही हौसेने बटाटा कोरला. नातीने तो कौतुकाने पाहिला आणि विचारले, “आजोबा, सलाईनमध्ये शेकडा ०.९ च मीठ का? साधं शुद्ध पाणी का नाही चढवत?” उत्तर तिला ठाऊक होते, ती आमची परीक्षा घेत होती! शुद्ध पाणी शिरेत गेले तर रक्तातल्या तांबड्या पेशी मनुकांसारख्या फुगून फुटतील. मीठ अधिक झाले तर काकडीसारख्या आक्रसतील. आम्ही बटाट्यापाशी थांबलो होतो; ती रोग्याच्या हातापर्यंत पोचली होती.

आणि मग गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ती रुग्णालयातून आली ती हातपाय न धुताच आमच्या खोलीत. म्हणाली, “आज एक गोष्ट झाली. बाहेरच्या विभागात एक बाई बाळ घेऊन आली होती, जुलाबाचं. जीवनरक्षक घोळाची पुडी तिला मागेच दिलेली होती. पण ती पूर्ण पुडी पेलाभर पाण्यात कालवून देत होती. औषध दाट केलं की लवकर गुण येईल, असं तिला वाटलं. सिस्टर रागावल्या. ती नुसतीच मान खाली घालून बसली. मग मी तिला विचारलं, ककड़ी पर नमक डालते हो तो क्या होता है? म्हणाली, पानी छूटता है. मी म्हटलं, घोल गाढ़ा होगा तो बच्चे का भी पानी ऐसे ही छूटेगा. एक लीटर में ही मिलाना. आजी, तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला गं! तिने स्वतःच बाटली दाखवून विचारलं, इतना? मी म्हटलं, इतना.”

ती सांगत होती आणि आमच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतली ती संध्याकाळ उभी राहिली. टेबल पुसता पुसता थांबलेला तो हात. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे होते, पंधरा वर्षे त्याच्याच हातांखाली होते, आणि आम्ही दोन पदव्युत्तर माणसांनी त्याला ‘वो अलग बात है’ म्हणून परत पाठविले होते. त्या दिवशी प्रथमच आम्ही नातीला ती सारी हकीकत सांगितली. आजवर मुलालाही सांगितली नव्हती. तिने ऐकून घेतली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते काका आता कुठे असतात?”

आम्हांला ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर तो आपल्या गावाकडे गेला, एवढेच कानी आले होते. तिने विचारले, “शोधलंत का कधी?” या मुलीला असे प्रश्न विचारण्याची खोडच आहे! आम्ही आता जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी आरंभिली आहे. भेटला तर त्याला काय सांगायचे, ते आमचे ठरले आहे. ‘हो, चढ़ जाता’ हे त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे, आणि ते ऐकून त्याला दुःखच होईल. पण उत्तर आमच्याकडे थकलेले आहे, आणि थकबाकी कडू असली म्हणून बुडवायची नसते.

आपल्या मराठी घरांत आज कोणाची मुलगी बी.एस्सी.ला आहे, कोणाचा मुलगा फिजिओथेरपीला, कोणी प्रयोगशाळा-तंत्रज्ञ होत आहे. पाहुण्यांपुढे त्यांची ओळख करून देताना ‘डॉक्टरकी थोडक्यात हुकली’ ही पुस्ती जोडण्याची आपल्याला सवय आहे. ती आपण सोडू या. आम्हांला ती सोडावयास फार उशीर लागला. त्याऐवजी रात्रीच्या जेवणाला मुलाला एवढेच विचारावे की, आज काय नवे कळले? आणि तो जे सांगेल त्याला, ‘हे परीक्षेत येणार आहे का?’ असे मात्र चुकूनही विचारू नये.

आणि एक, ज्यासाठी कोणत्याही परीक्षेला बसावे लागत नाही. पुडी घरात असेल तर ती पाकिटावर लिहिले असेल तेवढ्या पूर्ण मापाच्या स्वच्छ पाण्यातच कालवावी. पुडी नसेल तर एक लीटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल तान्हे असेल तर आईचे दूध मुळीच तोडू नये. घोट घोट पाजत राहावे, आणि मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना, दूधवाल्याला, रखवालदाराला हे ठाऊक आहे का, तेही एकदा विचारून घ्यावे. आमच्याकडे हा प्रश्न आता नात विचारते, आणि आम्ही शेजारी मुकाट्याने तांब्या भरून उभे राहतो.